हलकं काडतूस

१ मार्च, शनिवार

ही वही असलं काही लिहिण्यासाठी नाही. ही बाबाची काडतुसांची वही. अशा तीन कोऱ्या वह्या त्याच्या शेडमधल्या फळीवर पडून होत्या, त्यातली एक मी उचलली. पानावर उभे रकाने छापलेत: तारीख, पुंगळी, दारू, गोळी, वारा, शेरा. मी सगळ्या रकान्यांवरून आडवं लिहीत सुटले आहे. बाबानं पाहिलं तर म्हणेल, मो, बस चालवतेस तशीच लिहितेस, रस्त्यावरच्या पट्ट्यांशी तुझं काही देणंघेणं नाही.

पण आजचं कुठेतरी उतरवायला हवं.

आज शिकारीच्या मोसमाआधीची चांदमारी होती. दर वर्षी मार्चच्या पहिल्या शनिवारी क्लबातले सगळे टेकडीखालच्या मेंढ्यांच्या कुरणात जमतात आणि आपापल्या बंदुकीचा नेम तपासून घेतात. आमच्याकडे मार्च म्हणजे पानगळीची सुरुवात; तीन-चार आठवड्यांत माजावर आलेली नर हरणं वरच्या जंगलात डरकायला लागतील, मग इथे कुणाला दुसरं काही सुचणार नाही. मी साठ चीज रोल भाजून नेले होते. आई गेली त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून रोल माझ्याकडे. 'एफीचे जास्त कुरकुरीत असायचे' हे वाक्य त्यांच्याबरोबर फुकट मिळतं.

क्लबातला तरुण रीस नवीन बंदूक घेऊन आला होता. साडेसहा मिलिमीटर गोळीची, वर हातभर लांब दुर्बीण.

"सहाशे मीटरवर ताटली फोडते ही," तो म्हणाला.

"ताटलीनं तुझं काय घोडं मारलंय?" हेनारेनं विचारलं. हेनारे आमचा शेजारी. बाबाबरोबर लाकडाच्या गिरणीत तीस वर्षं काम केलेला, आणि तिथल्या करवतीसारखीच जीभ असलेला.

"तुम्ही म्हाताऱ्यांनी त्या दोन-सत्तरच्या बंदुका आता म्युझियमला देऊन टाका, डगल."

बाबा खाली वाकून काडतुसं मांडत होता. मान वर न करता म्हणाला, "माझ्या दोन-सत्तरनं पडलेलं हरीण मेलेलं असतं. तुझ्या साडेसहानं ते जास्त मरतं का?"

मग नेहमीचं सुरू झालं: तांब्याची गोळी बरी की शिशाची. बाबानं खिशातून जॅमची बाटली काढली. आजवर हरणांच्या अंगातून काढलेल्या गोळ्या तो त्यात ठेवतो. प्रत्येक गोळी पुढून उमललेली, रानफुलासारखी. "ही बघ. फुलली, आणि वजन जवळजवळ सगळं राखलं. तुझी तांब्याची सुईसारखी आरपार जाते, आणि हरीण बिचारं तीन दऱ्या ओलांडून मरतं."

"तो जुना माल झाला. आताच्या तांब्याच्या पण फुलतात," रीस म्हणाला. "आणि तुमच्या शिशाचे कण आतडी टाकता तिथे राहतात. ते किआ पोपट खातात आणि मरतात."

"किआ माझ्या गाडीच्या दाराचं रबर खातो, तेव्हा नाही मरत तो," हेनारे म्हणाला, आणि सगळे हसले. रीसही हसला. त्याला मे महिन्यात मूल होणार आहे. हल्ली तो कशालाही हसतो.

मग बाबा नेमाला बसला. दोन बार नीट झाले. तिसऱ्याला आवाजच झाला नाही. म्हणजे झाला, पण कुणी बाटलीचं बूच काढावं एवढाच. बाबानं सवयीनं बोल्ट, बंदुकीच्या मागचा सरकता दांडा, मागे ओढला, रिकामी पुंगळी बाहेर उडाली, पुढचं काडतूस आत सरकलं, आणि त्याचं बोट चापाकडे जायला लागलं. हेनारेचा पंजा त्याच्या हातावर पडला.

"डगल. थांब."

तिसरी गोळी नळीतच अडकली होती. तिच्यामागून चौथी गेली असती तर नळी फुटली असती, बाबाच्या गालापासून चार बोटांवर.

"ठिणगीची टोपी दमट असेल," कुणीतरी म्हणालं. "दारूला ओल लागली असेल," दुसरं कुणी म्हणालं. बाबा म्हणाला, "हं. दमट असेल." हेनारेनं चौथं काडतूस काढून घेतलं, पुढून सळई घालून गोळी मागे ठोकून काढली आणि नळीतून चिंधी फिरवली. मी शेजारीच उभी होते. दारू दमट असती तर चिंधीला न जळलेले दाणे चिकटले असते. चिंधीवर एकही दाणा नव्हता. हेनारेनं ती पटकन घडी करून खिशात घातली आणि माझ्याकडे पाहिलं.

त्या काडतुसात दारू नव्हतीच. बाबा भरायची विसरला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

परत येताना गाडी मी चालवली. तो वाटभर म्हणाला काय, तर रोल छान झाले होते.

२ मार्च

फ्रिजवर चुंबकाखाली ते पत्र महिनाभर लावलेलं आहे, आज पहिल्यांदा नीट वाचलं. बाबाच्या बंदूक-परवान्याची दहा वर्षं संपताहेत. अठ्ठावीस तारखेला शुक्रवारी पडताळणीच्या बाई घरी येणार, बंदुकांचं कपाट पाहणार, बाबाशी बोलणार. आणि मग घरातल्या सर्वांत जवळच्या माणसाशी एकट्यानं बोलणार.

मागच्या खेपेला ते माणूस आई होती. तिनं सांगितलेलं अजून क्लबात सांगतात: "माझा नवरा फक्त बटाटे सोलताना धोकादायक असतो."

या खेपेला मी. माझा स्वतःचा परवाना मी सोळाव्या वर्षी काढला. आता सेहेचाळीस. ते काय विचारतात ते मला पाठ आहे. या माणसाच्या हातात बंदूक असण्याची तुम्हाला काळजी वाटते का?

४ मार्च

सकाळची मुलं शाळेत सोडून पावणेनऊला घरी आले. बाबा साडेनऊला हेनारेच्या कुत्रीला घेऊन नदीकडे जातो, अकराला परततो. तेवढ्या वेळात मी शेडमध्ये गेले आणि त्याचा वजनकाटा सुरू केला.

मोसमासाठी भरलेली साठ काडतुसं डब्यात होती. एकेक तोलत गेले. आमच्या दोन-सत्तरमध्ये दारू दुप्पट मावत नाही, सांडून जाते, ती एक चूक होऊच शकत नाही. मुळीच न भरण्याची मात्र होऊ शकते. भरलेलं आणि न भरलेलं बाहेरून अगदी सारखं दिसतं. फरक एका शिसपेन्सिलीच्या वजनाहूनही कमी.

सदतिसावं हलकं निघालं.

ते कानाशी धरून हलवलं. आत काहीच सळसळलं नाही. हे भरणारे हात म्हणजे मला शर्टाच्या गुंड्या लावायला शिकवणारे हात.

ते काडतूस आईच्या शिवणाच्या डब्यात, रिळांखाली ठेवलं. काडतुसांच्या डब्यात चौथ्या ओळीत एक भोक रिकामं राहिलं. घाईत तसंच ठेवून झाकण लावलं.

७ मार्च

हेनारे कुंपणापाशी आला. हातात कागदी पिशवी. "मो, पोरी, तुझ्या बाबानं मला भरून दिलेली ही वीस तोलून दे. त्याला कळू देऊ नकोस."

"हेनारे, तुम्हीच त्याच्याशी बोला ना."

"मी? गिरणीत त्याच्यासमोर माझं बोट गेलं, तेव्हा त्यानं ते बर्फात घालून तीस मैल गाडी मारली. त्याला मी काय सांगू, तुझं सामान परत घे?" त्यानं पिशवी माझ्या हातात कोंबली. "काल दुकानात जाऊन एक डबी विकत आणली. आयुष्यात पहिल्यांदा. बाहेर पडताना इकडेतिकडे बघत होतो. बायको सोडून दुसरीकडे गेल्यासारखं वाटलं."

वीसच्या वीस बरोबर निघाली.

बाबाच्या डब्यातली साठ (आता एकोणसाठ) पुन्हा तोलली, मनाच्या समाधानासाठी. गंमत म्हणजे चौथ्या ओळीतलं भोक दिसलं नाही. सगळी काडतुसं एकेक घर सरकलेली आणि रिकामं भोक शेवटी, कोपऱ्यात. मीच घाईत सरकवली असणार. त्याच्या काही लक्षात आलेलं नाही, हे बरं.

११ मार्च

बाबा वस्तू वाटेल तिथे ठेवायला लागलाय. मी हे टिपून ठेवते आहे, कारण अठ्ठावीसला मला नुसतं 'वाटतं' म्हणून चालणार नाही.

एक: काट्याची तोंडं फिरवलेली. पारडं कायम उजवीकडे असायचं, आज डावीकडे. तो उजवा आहे, त्याला हे अडचणीचंच. मी डावरी म्हणून मला सोयीचं पडलं, ती गोष्ट वेगळी.

दोन: टेबलाचा दिवा खूप खाली ओढलेला. तो उंच, त्याच्या डोळ्यांवर येत असणार.

तीन: माझं लहानपणचं तिपाई स्टूल पोटमाळ्यावरून आणून शेडमध्ये ठेवलंय. कशाला, विचारलं. म्हणाला, "असू दे. बसायला."

चार: काम करताना मोठ्यानं बोलतो. काल दुपारी मी दाराशी होते, तो आत एकटा. "आधी सगळ्या पुंगळ्या फळीत उभ्या. मग दारू. मग विजेरी घेऊन एकेकीत डोकवायचं. सगळ्यांची पातळी सारखी दिसली की मगच गोळी बसवायची. विजेरी कधी टाळायची नाही." हे त्यानं तीनदा म्हटलं. शाळेतलं मूल पाढे म्हणतं तसं. मी तिथेच उभी राहून सगळं ऐकलं.

१६ मार्च, रविवार

सकाळी लापशी केली. बाबाला ओट्सची लापशी स्कॉटिश रीतीनं मिठाचीच लागते, साखर घातली की तो माझ्याकडे इंग्रजाकडे पाहावं तसं पाहतो. डब्यातले ओट्स संपत आले होते म्हणून डबा घासला. तळाला तो जुना तपकिरी गोल डाग अजून आहे. आई किती घासायची तो.

लापशी पूर्वी बाबाच करायचा. या घरात तेवढं एकच रांधणं त्याचं होतं. दहा वर्षांपूर्वी गिरणी बंद पडली त्या हिवाळ्यात आईनं ते एकदम आपल्याकडे घेतलं. मी तेव्हा इन्व्हरकार्गिल शहरात राहायचे आणि शनिवार-रविवार यायचे. बाबा दिवसदिवस शेडमध्ये बसायचा, दार लावून. काही भरायचा नाही, काही दुरुस्त करायचा नाही. एकदा मी ओट्सच्या डब्याला हात लावला तर आई केवढ्यानं ओरडली, "तू बस! मी करते!" मला वाटलं, बिचारी, त्याच्यासाठी काहीतरी करायला धडपडते आहे. त्याच हिवाळ्यात पडताळणी झाली आणि तिनं बटाट्याचा विनोद केला.

तिच्यासारखं हसून वेळ मारून नेणं मला जमेल का?

२० मार्च

मुलं उतरल्यावर रिकाम्या बसमध्ये उत्तराचा सराव करते. "नाही, मुळीच काळजी वाटत नाही." हे आरशात पाहून म्हणता येत नाही. "हो, वाटते." हे म्हणता येतं, पण मग पुढे बाबाचा चेहरा दिसतो.

परवाना गेला तर त्याच्याकडे काय उरेल? हेनारेशी वाद, जॅमच्या बाटलीतल्या गोळ्या आणि मी. तो बंदुकीवर प्रेम करतो असं लोक म्हणतात, मला ते खरं वाटत नाही. त्याचं प्रेम आहे ते एखादी गोष्ट अचूक करण्यावर. आईला लिहिलेलं एकच पत्र त्यानं ठेवलंय, तेही पुन्हा लिहून काढलेलं, कारण पहिल्यात एक खाडाखोड होती.

आज पहाटे नदीपलीकडून पहिला नर डरकला. बाबा पायजम्यावर बाहेरच्या ओट्यापर्यंत गेला आणि थंडीत उभा राहून ऐकत होता. "लहान आहे अजून," म्हणाला. "आवाज फुटतोय बाळाचा."

२२ मार्च, शनिवार

आज रीस आला. हातात नव्या पुंगळ्यांची पिशवी, गोळ्यांची डबी, दारूचा डबा.

"डगल, एक काम होतं. दुकानातली काडतुसं माझ्या बंदुकीत पांगतात. तुम्ही भरून द्याल का वीस? बाळ यायच्या आधी एकदा वर जाऊन येतो. मग बायको काही सोडायची नाही."

मी ओट्यावर भांडी पुसत होते. मला वाटलं, बाबा काहीतरी निमित्त सांगेल. हात दुखतो, वेळ नाही.

"मंगळवारी ये," बाबा म्हणाला. "तयार असतील."

"म्युझियमवाले झालात तरी हात तोच!" रीस खूश होऊन गेला.

बाबानं माझ्याकडे पाहिलं. मी ताटली पुसत राहिले. कोरडी झालेली ताटली, पुन्हा पुन्हा.

इतके दिवस मी असा हिशेब मांडत होते की त्याची काडतुसं मी गुपचूप तोलीन आणि कुणाला काही होणार नाही. पण रीसची कशी तोलणार? बाबा ऐनवेळी भरेल आणि मंगळवारी रीस ती दारातूनच घेऊन जाईल. आणि ज्या दिवशी मी आजारी पडेन, त्या दिवशी? आणि शुक्रवारी परक्या बाईसमोर मी 'हो, काळजी वाटते' म्हटलं, तर बाबाला ते कागदावरून कळणार. ज्या घरात मी राहते, त्याच घरात.

नाही. सांगायचं तर आधी त्याला.

२३ मार्च, रविवार

सकाळी दहा वाजता शेडमध्ये गेले. तो रीसच्या पुंगळ्या पुसत होता. आईच्या शिवणाच्या डब्यातलं ते काडतूस मी टेबलावर, त्याच्या हाताजवळ उभं केलं.

"बाबा, शुक्रवारी त्या बाई मला विचारतील. मी खोटं बोलणार नाही."

त्यानं काडतूस उचललं. तळहातावर दोनदा झेललं. काट्यावर ठेवायची त्याला गरज पडली नाही.

"सदतिसावं," तो म्हणाला.

माझी नजर काडतुसांच्या डब्याकडे गेली.

"चौथ्या ओळीत भोक ठेवून गेलीस. माझ्या डब्यात भोक असेल आणि मला दिसणार नाही? आणि मागच्या आठवड्यात गुंडी तुटली म्हणून सुई शोधायला गेलो, तर रिळांखाली हे." त्यानं काडतूस खाली ठेवलं. "काटा तुझ्या हाताचा करून ठेवला. दिवा खाली घेतला. स्टूल आणून ठेवलं. पोरी, अजून काय बँड लावायला हवा होता?"

"मला वाटलं, तू विसरायला लागलायस!"

"ते तर लागलोच आहे. म्हणून तर."

मला हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं, आणि मी त्या तिपाई स्टुलावर बसले. ते अजूनही माझ्याच मापाचं वाटतं.

"मग बोलला का नाहीस?" मी विचारलं.

त्यानं हातातली पुंगळी बाजूला ठेवली. मग जे म्हणाला ते तसंच्या तसं लिहिते.

"गिरणी बंद पडली त्या हिवाळ्यात तुझ्या आईनं माझ्या बंदुकीचा बोल्ट काढून लपवला होता. बोल्टशिवाय बंदूक म्हणजे काठी. मला तिसऱ्या दिवशी सापडला. कुठे? ओट्सच्या डब्यात, ब्रेडच्या पिशवीत गुंडाळून. पिशवी धड बांधली नव्हती तिनं. चार महिने लापशीला बंदुकीच्या तेलाची चव. चार महिने मी ती मुकाट्यानं खाल्ली. तिला वाटायचं, मला ठाऊक नाही. मला वाटायचं, तिला असं वाटू द्यावं."

"बाबा..."

"ती बरोबर होती. त्या हिवाळ्यात तो बोल्ट डब्यात होता तेच बरं होतं." हे तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "मग त्या पडताळणीवाल्यांसमोर तिनं बटाटे सोलले. माझ्यासाठी खोटं बोलली. आणि आम्ही दोघं त्यावर कधीच बोललो नाही. सहा वर्षं. मग ती गेली. आता कुणाशी बोलू?"

बाहेर कुत्री भुंकत होती. हेनारे कुंपणापलीकडून "डगल, नदी वाट बघतेय" म्हणून हाका मारत होता.

"तू पण तशीच निघालीस, असं वाटायला लागलं होतं मला," बाबा म्हणाला. "गुपचूप तोलत राहशील, मी गुपचूप दिवा खाली करत राहीन, आणि एक दिवस मीही जाईन. म्हणून रीसला हो म्हटलं. म्हटलं, बघू, आता तरी तोंड उघडते का."

"आणि नसतं उघडलं तर?"

"तर मंगळवारी रीसला सांगितलं असतं, डगलचं भरणं संपलं, दुकानातून घे. पण तू आलीस." त्यानं विजेरी उचलली. "चल. पुंगळ्या फळीत उभ्या कर."

वीसच्या वीस मी भरल्या. दारू मी तोलली, माझ्या डाव्या हातानं. बाबानं विजेरी धरली. त्याचा हात थरथरतो, त्यामुळे उजेडही पुंगळ्यांवर थरथरत होता, तरी प्रत्येकीच्या आतलं दिसत होतं. सगळ्यांची पातळी सारखी.

"आता गोळी," तो म्हणाला.

२५ मार्च

रीस काडतुसं घेऊन गेला. "कुणी भरली?" त्यानं विचारलं, कारण वेष्टणावरचं अक्षर वेगळं होतं.

"मो," बाबा म्हणाला. "पांगली तर तिला बोल. जुळली तर मला."

२८ मार्च, शुक्रवार

पडताळणीच्या बाई वेळेवर आल्या. नाव लॉर्ना. साठीच्या, गुडघे दुखणाऱ्या, दारात बूट काढून मोज्यांवर आत आल्या. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. मला एकदम बरं वाटलं.

आधी बाबा त्यांना शेडमध्ये घेऊन गेला. अर्धा तास. मी स्वयंपाकघरात चहाची किटली तीनदा उकळली. मग त्या एकट्याच परत आल्या, बसल्या, कागद समोर ठेवला आणि चीज रोल उचलला.

"तुमचे वडील म्हणाले, तिला तो प्रश्न विचारू नका, मीच उत्तर देतो. म्हणाले, परवान्याचा अर्ज मागे घेतो." त्यांनी रोल चावला. "पण मला विचारावंच लागतं."

"विचारा."

त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "काळजी वाटते. एकट्याच्या हातात नको." "पण हेही लिहा की मला बंदुकीबद्दल जे काही कळतं, ते सगळं त्यांनीच शिकवलंय. आणि ते हे उत्तर ऐकून रागावणार नाहीत. त्यांना मी आधीच सांगितलंय."

लॉर्नांनी पेन बाजूला ठेवलं. "बहुतेक घरांत मी निघून गेल्यावर भांडण होतं," त्या म्हणाल्या. "आधी सांगणारी माणसं फार भेटत नाहीत."

मग त्यांनी समजावलं: बंदूक माझ्या परवान्यावर येईल, कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे. बाबाला कधी चांदमारीवर बसावंसं वाटलं तर माझ्या शेजारी, हाताच्या अंतरावर. "हे चालेल का त्यांना?"

दारामागून आवाज आला, "चालेल. ती डावीकडे बसली तर. रिकामी पुंगळी उजवीकडे उडते."

"डगल, हे बोलणं खाजगी असतं," लॉर्ना म्हणाल्या.

"मी चहाला आलोय."

त्या गेल्यावर त्यानं किल्ल्या माझ्या हातात दिल्या. गिरणीच्या नंबराचा पितळी बिल्ला अजून त्यांना आहे. मी बिल्ला काढून त्याला द्यायला लागले, तर म्हणाला, "राहू दे. त्याशिवाय तुला सापडायच्या नाहीत."

दुपारी बसच्या फेरीनंतर त्याची बंदूक कपाटातल्या माझ्या कप्प्यात हलवली. बोल्ट नव्हता. कपाटात नाही, शेडमधल्या खणांत नाही, त्याच्या कोटाच्या खिशात नाही. विचारावंसं वाटलं, पण आजचा दिवस त्याला खूप झाला असेल. कुठेतरी ठेवून विसरला असेल बिचारा. उद्या शांतपणे दोघं मिळून शोधू.

२९ मार्च, शनिवार

सकाळी थंडी होती, खिडक्यांना आतून पाणी. बाबा माझ्याआधी उठून टेबलाशी बसला होता. केस विंचरलेले. समोर रिकामी वाटी आणि चमचा, आधीच मांडून.

"आज लापशी तू कर," तो म्हणाला.

"रोज मीच करते, बाबा."

"तर कर ना."

मी डबा काढला. जड लागला. झाकण उघडलं, आत हात घातला. ओट्सच्या खाली ब्रेडची पिशवी, व्यवस्थित गुंडाळलेली, दोन्ही टोकांना दोरी बांधलेली. खाडाखोड नसलेल्या पत्रासारखी.

मी ती तशीच हातात धरून उभी राहिले. आई इथेच उभी राहत असेल. याच खिडकीशी, पाठ त्याच्याकडे करून. मागे चमच्याचा आवाज नव्हता, खुर्चीचा नव्हता. तो वाट बघत होता.

झाकण लावून टाकणं सोपं होतं. मी वळले आणि पिशवी टेबलावर, त्याच्या वाटीशेजारी ठेवली.

"बाबा, डब्यात बोल्ट आहे."

त्यानं डोळे मिटले. क्षणभरच. मग मान हलवली, लांबचं गणित शेवटी जुळावं तशी.

"हो," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवसापासून ठाऊक होतं मला, एफी."

मी त्याला नाव सुधारून सांगितलं नाही.

लापशी केली. मीठ घातलं. पिशवी पक्की बांधलेली असूनही थोडासा तेलाचा वास आलाच, किंवा मला तसं वाटलं. बाबानं पहिला चमचा तोंडात घेतला आणि चव जिभेवर घोळवली. नदीपलीकडे नर डरकत होता, मागच्यापेक्षा जाड आवाजात.

मग त्यानं वाटी पुसून खाल्ली आणि माझ्यापुढे सरकवली.

"अजून आहे का?"